ड्रायव्हर नसलेल्या शेअर शटलमध्ये किती लोक बसतील, हे मॉडेल करायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मेट्रो स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरवर ऑफिसांचा भाग आहे, मध्ये ड्रायव्हर नसलेली शेअर शटल चालवायची आहे आणि मास्टर्सच्या थिसिससाठी तिला किती प्रवासी मिळतील ते काढायचंय. गाइड म्हणतात चार टप्प्यांचं नेहमीचं मॉडेल घ्या, लॅबमधले मित्र म्हणतात एजंट-बेस्ड सिम्युलेशन करा, म्हणजे प्रत्येक प्रवासी आणि प्रत्येक गाडी संगणकात वेगळी चालवून बघा, आणि "लोक अशा गाडीत बसतील का" याचा आकडा आणायचा कुठून हे कोणीच नीट सांगत नाहीये. मी बरीच वर्षं शहरी वाहतुकीच्या डिमांड मॉडेलिंगमध्येच काम करतोय, त्यातही फीडर बस, शटल, ऑन-डिमांड व्हॅन हेच जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शटलची डिमांड म्हणजे कुठूनतरी आणून सिम्युलेशनमध्ये टाकायचा आकडा नाहीच मुळी. गाडी किती वेळाने मिळते त्यावर लोक येणार की नाही ते ठरतं, आणि किती लोक येतात त्यावर गाडी किती वेळाने मिळणार ते ठरतं. ही दोन्ही गणितं एकत्र सोडवा, मग टूल कुठलंही वापरा. आणि ड्रायव्हर नसणं ही गोष्ट डिमांडमध्ये शिरते ती जास्त करून खर्चाच्या वाटेने. ड्रायव्हरचा पगार वाचला तर एका मोठ्या बसऐवजी तीन-चार छोट्या गाड्या परवडतात, त्या लवकर लवकर सोडता येतात, रात्री उशिरापर्यंत चालवता येतात, आणि प्रवाशाला त्याचा फायदा दिसतो तो कमी वेटिंगच्या रूपात. लोकांना रोबोची भीती वाटते का यावर थिसिसची शंभर पानं घालण्यापेक्षा वेटिंगवर घाला, असं मी कोणालाही सांगेन.

उदाहरणासाठी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल्ले आन देन आयसेलमधलं रिव्हियम घेऊ, कारण या विषयात इतकी जुनी आणि खरोखर रोजच्या प्रवासाला वापरली गेलेली सेवा दुसरी शोधून सापडत नाही. क्रालिंगसे झोम मेट्रो स्टेशन ते रिव्हियम बिझनेस पार्क, १९९९ मध्ये सुरुवात, नंतर दुसऱ्या पिढीच्या गाड्या आल्या तेव्हा मार्ग साधारण १.८ किलोमीटर, पाच स्टॉप, सहा गाड्या, एका गाडीत बसून आणि उभे मिळून २० माणसं, आणि गर्दीच्या वेळी अडीच मिनिटांना एक गाडी. मार्ग स्वतंत्र, जमिनीत चुंबक बसवलेले, गाडी त्यावरून आपली जागा ओळखते. आजच्या कॅमेरा आणि लायडर (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) वाल्या शटलपुढे हे तंत्र जुनं वाटेल पण डिमांडचं गणित तेच आहे.

आता यात चार टप्प्यांचं मॉडेल कुठे अडतं ते बघा. ट्रिप किती निघतात, कुठून कुठे जातात, कशाने जातात आणि कुठल्या रस्त्याने जातात ही पद्धत १९५० च्या दशकात डेट्रॉइट-शिकागोच्या अभ्यासांतून घडली आणि ती घडली मुख्यतः मोठे हायवे कुठे बांधायचे ते ठरवायला. तिचे झोन, म्हणजे शहराचे पाडलेले तुकडे, मोठे असतात. शहराच्या मॉडेलमध्ये अख्खं रिव्हियम एका झोनमध्ये बसेल, झोनच्या मधोमध एक सेंट्रॉइड, म्हणजे झोनमधली सगळी माणसं जिथे आहेत असं धरायचं तो बिंदू, आणि तिथून स्टेशनला जोडणारी एक काल्पनिक रेघ. म्हणजे तुमची शटल जिथे धावते तो सगळा प्रवास त्या एका रेघेत गडप झाला, आणि पहिल्या स्टॉपजवळच्या ऑफिसातला माणूस आणि टोकाच्या ऑफिसातला माणूस मॉडेलला सारखेच. खरं तर पहिल्या स्टॉपवाला चालत जाईल आणि टोकाचा शटलची वाट बघेल, तुमचा सगळा थिसिस याच फरकावर उभा आहे. म्हणून शहराच्या मॉडेलमधून फक्त एवढंच घ्या, की सकाळी मेट्रोने या भागात किती माणसं येतात आणि किती कारने येतात. तिथून पुढे प्रत्येक इमारत वेगळी धरा, इमारतीत किती लोक कामाला आहेत, जवळचा स्टॉप किती मीटरवर, प्रत्यक्ष पायवाटेने मोजलेला, हवाई अंतर चालणार नाही कारण मध्ये हायवे किंवा कालवा आला की ३०० मीटरचे ९०० होतात.

पुढचा भाग मोड चॉइस, म्हणजे माणूस कशाने जायचं ठरवतो ते, आणि इथे स्पर्धा नक्की कोणाशी आहे ते ओळखणं महत्त्वाचं. १.८ किलोमीटर चालायला २२ मिनिटं. सायकलने साधारण ७ मिनिटं. शटलचं बघा: वेटिंग २ मिनिटं, गाडीत ७, उतरून चालणं ३. घड्याळाप्रमाणे १२ मिनिटं, पण माणूस वेटिंगचं आणि चालण्याचं मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा दीडपट ते दुप्पट जड मोजतो, दुप्पट धरलं तर ४ अधिक ७ अधिक ६, म्हणजे १७. चालत गेलो तर त्याच हिशोबाने ४४. तेव्हा चालणाऱ्याला शटल सहज ओढून घेते, पण नेदरलँड्समध्ये स्टेशनवर आपली दुसरी सायकल ठेवणारा माणूस शटलमध्ये यायला फारसं कारण नाही, पाऊस आणि जोराचा वारा सोडून. म्हणून तिथल्या मॉडेलमध्ये हवामान घालावंच लागतं, सरासरी दिवस आणि पावसाचा दिवस असे दोन वेगळे रन करा, कारण फ्लीट, म्हणजे एकूण गाड्या, किती हवी ते पावसाचा दिवस ठरवतो. आणि कारने येणाऱ्याचं काय? तो शटलसाठी कार सोडत नाही, सोडलीच तर मेट्रो अधिक शटल अशा पूर्ण प्रवासासाठी सोडतो. तेव्हा त्याची तुलना घरापासून ऑफिसपर्यंत करायची, पार्किंगच्या पैशांसकट. कंपनी फुकट पार्किंग देत असेल तर शटल कितीही चांगली केली तरी हा गट फारसा हलत नाही, आणि पार्किंगला पैसे लावले तर शटलमध्ये काहीही न बदलता डिमांड वाढते. थिसिसमध्ये पार्किंग नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

मोड चॉइससाठी लॉजिट, म्हणजे वेळ-पैसे बघून माणूस कुठला पर्याय निवडेल याची शक्यता काढणारं मॉडेल, वापराल तर त्याच्या साध्या प्रकारावर, मल्टिनॉमिअलवर, थांबू नका. त्याच रस्त्यावर साधी बसही असेल, आणि साधं लॉजिट असं धरतं की नवीन शटल सगळ्यांकडून त्यांच्या-त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात माणसं घेईल, चालणाऱ्यांकडून, कारकडून, बसकडून. प्रत्यक्षात ती बसची माणसं सगळ्यात जास्त खेचणार कारण दोन्ही एकाच जातीच्या आहेत. बस आणि शटल एका नेस्टमध्ये, म्हणजे सारख्या पर्यायांच्या एका गटात, टाका. हे पुस्तकी वाटेल पण याने निकाल चांगलाच बदलतो. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट मेट्रो १९७२ मध्ये सुरू झाली, त्याआधी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या टीमने लोकांच्या तेव्हाच्या प्रत्यक्ष प्रवासावरून मॉडेल बांधलं होतं. अधिकृत अंदाज होता कामाच्या प्रवासात बार्टचा वाटा १५ टक्के, त्यांच्या मॉडेलचा ६.३ टक्के, आणि प्रत्यक्षात आला ६.२. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. अजून धावायलाही न लागलेल्या गाडीचा अंदाज येऊ शकतो, अट एवढीच की लोक आज काय करतात ते तुम्ही बारकाईने मोजलेलं हवं.

आता मूळ मुद्द्यावर, वेटिंगचं गणित. मेट्रोतून माणसं थेंबाथेंबाने येत नाहीत, झुंडीने येतात. समजा गर्दीच्या तासाला ४०० माणसं शटलला येणार. सहा गाड्या, एक फेरी १५ मिनिटांची, म्हणजे अडीच मिनिटांना एक गाडी, तासाला २४ खेपा, ४८० जागा. कागदावर सगळे मावतात, शिवाय ८० जागा रिकाम्या. पण दर पाच मिनिटांनी मेट्रो येते असं धरलं तर एका वेळी सरासरी ३३ माणसं उतरतात, समोर उभी गाडी २० घेऊन जाते, उरलेले १३ अडीच मिनिटं थांबतात. हे सरासरी झुंडीचं झालं. क्रालिंगसे झोमला ए, बी, सी अशा तीन लाइनी थांबतात, दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम लागल्या आणि ५० माणसं एका वेळी आली की पहिले २० लगेच जातात, पुढचे २० अडीच मिनिटांनी आणि शेवटचे १० पाच मिनिटांनी, म्हणजे पुढच्या मेट्रोची माणसं येऊन उभी राहिली तेव्हा. आता सहातली एक गाडी वर्कशॉपमध्ये पाठवा. पाच गाड्या, तीन मिनिटांना एक, तासाला २० खेपा, बरोबर ४०० जागा, म्हणजे डिमांड आणि जागा एकास एक. कागदावर अजूनही सगळे मावतात, पण प्रत्यक्षात एकदा जमलेली रांग पुढचा अर्धा-पाऊण तास मोडत नाही. वेटिंग म्हणजे हेडवेचा (दोन गाड्यांमधल्या वेळेचा) अर्धा हे सूत्र वापरणाऱ्या मॉडेलला यातलं काही दिसत नाही, त्याच्या हिशोबाने सव्वा मिनिटाचं दीड मिनिट झालं एवढंच. पण रोज शेवटच्या दहात सापडणारा माणूस महिन्याभरात चालायला लागतो किंवा सायकल आणतो, आणि ती घट तुमच्या डिमांडमध्ये यायला हवी.

ती आणायची ती गोल फिरवून. समजा तुम्ही ३ मिनिटं वेटिंग धरलं, मोड चॉइस म्हणालं ४००. हे ४०० झुंडीसकट सिम्युलेशनला दिले, पाच गाड्यांनी चालवून बघितलं, ते म्हणालं वेटिंग ६ मिनिटं. ६ मिनिटं परत मोड चॉइसला दिली, उत्तर आलं ३४०. ३४० वर वेटिंग साडेतीन. आकडा असा वरखाली उड्या मारतो, म्हणून प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरांची सरासरी घेत पुढे जायचं, मग ३६०-३७० च्या आसपास कुठेतरी तो स्थिरावतो. एक सांगून ठेवतो, हे नेहमी एकाच जागी स्थिरावेल असं नाही. गाड्या मागणीप्रमाणे वाढवता येत असतील तर कमी लोक, कमी गाड्या, जास्त वेटिंग हाही एक तोल असतो आणि जास्त लोक, जास्त गाड्या, कमी वेटिंग हाही. आपल्याकडे कुर्ला स्टेशनबाहेर बीकेसीची शेअर रिक्षा भरली की सुटते, सकाळी नऊला ती मिनिटाभरात भरते आणि दुपारी तीच बराच वेळ उभी राहते, रिक्षा तीच, रस्ता तोच, फक्त माणसं कमी. म्हणून मॉडेल दोन टोकांवरून सुरू करा, एकदा अगदी कमी डिमांड धरून आणि एकदा भरपूर धरून, दोन्ही एकाच आकड्यावर आले तर ठीक, वेगवेगळ्या आकड्यांवर थांबले तर तो तुमच्या थिसिसचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष आहे, लपवू नका. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की सेवा पहिल्या दिवसापासून दणक्यात सुरू केली तर टिकेल आणि हळूहळू वाढवू म्हटलं तर कदाचित कधीच वाढणार नाही. हेलसिंकीत कुत्सुप्लस नावाची मागणीनुसार धावणारी मिनीबस २०१२ ते २०१५ चालली, शहराच्या मोठ्या भागासाठी गाड्या फक्त १५ आणि प्रत्येकीत ड्रायव्हर. एवढ्या विरळ फ्लीटमध्ये एकाच दिशेला जाणारे दोन प्रवासी एका वेळी जुळणंच कठीण, मग दर खेपेचा खर्च जास्त, आणि शेवटी खर्चाच्या कारणावरून ती बंद झाली.

एजंट-बेस्ड करायचं का? भाग छोटा असेल आणि मार्ग ठरलेला असेल तर मॅटसिमची, म्हणजे एजंट-बेस्ड सिम्युलेशनच्या तयार सॉफ्टवेअरची, गरज नाही, पायथनमध्ये दोनशे-तीनशे ओळींचं सिम्युलेशन लिहा, त्यात झुंड, जागा, फेरीचा वेळ, गाडी बिघडणं एवढं असलं की पुरे, आणि प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता येईल. शटल मागणीनुसार दारापर्यंत जाणार असेल, वाटेत इतरांना घेत-सोडत, तर मात्र मॅटसिम किंवा तसं काही घ्या कारण तिथे वेटिंगच्या जोडीला वळशाचा वेळ येतो, आणि तो प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढतो. मोठमोठ्या सिम्युलेशनचे जे आकडे सगळीकडे फिरतात ते तुमच्या थिसिसमध्ये आणताना जपून. २०१७ च्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या टॅक्सींची ९८ टक्के मागणी चार सीटच्या ३००० गाड्या भागवतील, सरासरी वेटिंग २.८ मिनिटं, असं निघालं. २०१५ मध्ये इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमने लिस्बनसाठी दाखवलं की शेअर टॅक्सी आणि मेट्रो मिळून शहराच्या दहातल्या नऊ गाड्या रस्त्यावरून हटवता येतील. काम दोन्ही उत्तम. पण दोन्हीत प्रवास आधीच ठरलेले आहेत, लोक शेअर करणार हे धरलेलं आहे, प्रश्न एवढाच की किती गाड्यांत भागेल. ते पुरवठ्याचं उत्तर झालं. तुम्हाला विचारलंय लोक येतील का, तेव्हा तिथले टक्के उचलून इथे लावता येत नाहीत, शिवाय मॅनहॅटनमध्ये टॅक्सीची मागणी जितकी दाट आहे तितकी ऑफिस पार्कमध्ये दुपारी दोनला कुठून येणार.

पायलट प्रोजेक्टच्या प्रवासीसंख्येबद्दल पण तेच. २०१५-१६ पासून ग्रीसमधलं त्रिकाला, स्वित्झर्लंडमधलं सिओन, फ्रान्समधलं लियाँ अशा कितीतरी ठिकाणी छोट्या शटल धावल्या. बहुतेक ठिकाणी वेग १५-२० किलोमीटरच्या आत, गाडीत एक अटेंडंट, आणि बसणाऱ्यांत बरेच जण नवलाई म्हणून आलेले, मुलांना घेऊन एक चक्कर मारणारे. त्या आकड्यांवर मॉडेल कॅलिब्रेट केलंत, म्हणजे त्यांच्याशी जुळवून बसवलंत, तर नवलाईच कॅलिब्रेट होईल. वापरायचेच असतील तर पहिले काही महिने सोडून द्या आणि एकाच कार्डाने परत परत आलेले प्रवासी वेगळे काढा. आणि अटेंडंट आहे तोवर खर्च वाचलेला नाही, म्हणजे वर म्हटलेला छोट्या गाड्या आणि कमी वेटिंगचा फायदाही अजून आलेला नाही. कंट्रोल रूममधला एक माणूस किती गाड्या सांभाळतो हा आकडा तुमच्या मॉडेलमध्ये बदलता ठेवा, कारण परवडणारी फ्लीट त्यावर ठरते.

स्टेटेड प्रेफरन्स सर्व्हे, म्हणजे काल्पनिक पर्याय देऊन काय निवडाल ते विचारणारा सर्व्हे, कराल तर "तुम्ही अशी गाडी वापराल का" असं थेट कधीही विचारू नका, सगळे हो म्हणतात. पर्याय समोर ठेवा: आज पाऊस आहे, शटल ४ मिनिटांनी येईल, गाडीत ७ मिनिटं, उभं राहावं लागेल, तिकीट इतकं; किंवा चालत २२ मिनिटं; यातलं काय कराल. आणि त्याच माणसाला आज सकाळी तो खरोखर कसा आला तेही विचारा, म्हणजे सर्व्हेतली उत्तरं आणि प्रत्यक्ष वागणं एकत्र एस्टिमेट करता येतं आणि सर्व्हेतला जास्तीचा उत्साह खाली आणता येतो.

एका बाबतीत मात्र ड्रायव्हर नसणं थेट डिमांडमध्ये येतं, आणि ती म्हणजे रात्र. फिनलंडमध्ये व्हान्तातल्या शटलच्या प्रवाशांना विचारलं होतं, तेव्हा रस्त्यावरच्या अपघाताची काळजी त्यांना फारशी नव्हती पण गाडीच्या आतल्या सुरक्षिततेला त्यांनी साध्या बसपेक्षा कमी मार्क दिले. दहा-वीस जणांच्या बंद गाडीत रात्री साडेदहाला एकटी बाई आणि तीन अनोळखी माणसं, ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही. सकाळी साडेआठला हा प्रश्नच येत नाही कारण गाडी सहकाऱ्यांनी भरलेली असते. म्हणून ड्रायव्हर नसण्याचा एकच सरासरी गुणांक काढू नका. तो वेळेप्रमाणे आणि स्त्री-पुरुष वेगळा काढा, सर्व्हेमध्ये गाडीत आधी किती जण आहेत हे एक व्हेरिएबल म्हणून ठेवा, आणि आतला कॅमेरा, बोलता येणारं बटण, स्टॉपवरचा उजेड यांचेही पर्याय द्या. रात्रीची सेवा स्वस्तात देता येते हा या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा सांगतात, आणि नेमक्या त्याच वेळेला निम्म्या लोकांना बसावंसं वाटत नसेल तर ते प्लॅनरला आधी कळायला हवं.

रिव्हियममधली एक गोष्ट जमिनीच्या वापराची. पाच स्टॉपपैकी एक फॅसिनाशिओ या राहत्या वस्तीत आहे. सकाळी ऑफिसवाले मेट्रोकडून येतात आणि हे लोक मेट्रोकडे जातात, म्हणजे परतीच्या रिकाम्या गाडीला प्रवासी मिळतात आणि त्यासाठी एकही जादा गाडी लागत नाही. आता खुद्द रिव्हियममध्येही ऑफिसांच्या जागी घरं आणायचं चाललंय, तसं झालं की सकाळच्या एकतर्फी लाटेऐवजी दोन्ही दिशांनी दिवसभर प्रवासी येतील. तुमच्या भागाचा विकास आराखडा काढून बघा, दहा वर्षांनी तिथे फक्त ऑफिसं असतील का.

निकाल लिहिताना एकच आकडा लिहू नका. पाच, सहा आणि आठ गाड्या, कोरडा आणि पावसाचा दिवस, पार्किंग फुकट आणि पैशाचं, असं करून किती प्रवासी आणि झुंडीतल्या शेवटच्या माणसाचं वेटिंग किती हे दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा. तुमच्याकडे स्मार्टकार्डचा डेटा मिनिटाचा आहे की तासाचा तेवढं सांगा. तासाचा असेल तर झुंडी त्यात दिसणारच नाहीत, मग स्टेशनच्या जिन्यापाशी उभं राहून हाताने मोजावं लागेल, सकाळी साडेसात ते साडेनऊ, एक कोरडा दिवस आणि एक पावसाचा.